घरातलं साचलेलं पाणी

भाऊ, तू गेलास त्या दिवसापासून परवापर्यंत मी बाहेरचं दार दिवसभर सताड उघडं ठेवलं होतं. लोकांना वाटलं, भेटायला येणाऱ्यांसाठी असेल. कुत्रं दोनदा आत शिरलं, शेजारची कोंबडी चुलीजवळ अंडं घालून गेली, तरी मी दार लावलं नाही. खरं कारण तुला सांगायला काय हरकत आहे? दार उघडं राहिलं की त्याची बाहेरची बाजू भिंतीकडे जाते, आणि त्या बाजूला तुझ्या हातानं गेरूनं लिहिलेलं आहे: खोल्या ३, फवारल्या २. ते कुणी वाचू नये आणि वाचून मला काही विचारू नये, म्हणून ही सगळी राखण.

तू असतास तर म्हणाला असतास, "वच्छे, तू तं आपल्या सावलीलेबी भेते वं." भितेच मी. भित्री भागूबाई हे नाव तूच ठेवलंस आणि भावकीतल्या मोठाईपासून तुझ्या हाताखालच्या पुंडलिकपर्यंत सगळ्यांना सांगूनही टाकलंस. पण आधी भीत होते ती भांड्याच्या आवाजाला, विजेला, मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाला. आता जी भीती वाटते ती काचेच्या एका पेटीची. दोन हात लांब, हातभर उंच. त्यात पाणी, पाणगवतासारखा हिरवा चिला, दगडावरचं शेवाळ आणि नखाएवढे झिंगे. मधल्या खोलीत खिडकीखाली तू ठेवलीस तिथेच होती, आणि तिच्या बाजूलाच तुझी खाट.

तुला सगळे मलेरियावाला म्हणायचे. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि फवारणीचे दिवस आले की पुंडलिकला आणि आणखी चौघांना घेऊन घराघरातल्या भिंतींवर औषध मारायचं, हे तुझं काम. कुरखेड्याच्या आजूबाजूच्या जंगलातल्या गावांत तुझी जेवढी वाट पाहायचे तेवढीच तुला पाहून दारंही लावायचे. औषधाचा वास येतो, ढेकूण बाहेर पडतात, देवाची खोली बाटते, आत धान भरून ठेवलं आहे. ज्या बाया मारू द्यायच्या त्याही चार दिवसांनी शेणामातीनं भिंत सारवून मोकळ्या. तू कपाळाला हात लावायचास. "बाई, दोन-अडीच महिने सारवू नोका ना! म्या काय तुमच्या भिंती ओल्या कराले आलतो का?" घरी येऊन जेवता जेवता त्यांची नक्कल करायचास. एक खोली सुटली की सगळ्या घराचं केलेलं वाया जातं, हे तू इतक्या वेळा म्हटलं आहेस की मला झोपेतही म्हणता येईल.

आणि असल्या माणसाच्या घरात काचेच्या पेटीत पाणी साचवलेलं. गाव हसायचं नाही तर काय? आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा, असं तू दारोदार सांगायचास, आणि बाया पदराआडून म्हणायच्या, "आधी आपली पेटी वाळवा ना भाऊ." तूही त्यांच्याबरोबर हसायचास. पेटी कुणासाठी आहे ते कधी सांगितलं नाहीस.

मी सासर सोडून परत आले तेव्हा माझे हात थरथरायचे. कप हातात घेतला की बशीवर वाजायचा. तू एकदाही विचारलं नाहीस का परत आलीस म्हणून. गावात सगळ्यांनी विचारलं, मोठाईनं तर चारचौघींत विचारलं. तू नाही. त्यासाठी तुझे उपकार मानायचे राहूनच गेले, आज मानते. पंधरा-वीस दिवस तू नुसता पाहत राहिलास. मग एका सकाळी गावाच्या बोडीच्या तळ्यावरून आलास ते अल्युमिनियमचा डबा घेऊन. डब्यात चिल्याचा हिरवा गुंता, आणि त्याला धरून बसलेले झिंगे.

मला वाटलं, कालवणासाठी आणलेस. मी वांगी धुऊन कांदा चिरायला बसले. तू दारात उभा राहून पोट धरून हसलास. "खायाचे नाईत वं माय! पाहाचे हायेत." मी म्हटलं, झिंगे कोण पाहतं? तू म्हणालास, "तू पाह्यजो." मग आरमोरीच्या बाजारातल्या फोटो मढवणाऱ्याकडून काच कापून आणलीस. पहिली पेटी गळली, दुसरी नीट बसली. त्याच फोटोवाल्यानं आता तुझा फोटो मढवून दिला. काच पुसताना तो म्हणाला, "ह्याच काचेची पेटी होती ना भाऊची?"

तुझे नियम मला तोंडपाठ आहेत. पेटीत हात घालायचा नाही, हा पहिला. "तुह्या हाताले काही काम नाई इथी. नुसतं पाह्याचं. चिलाच सारं करते." पाणी चिला साफ ठेवतो, झिंग्यांना हवा चिला देतो, शेवाळावर जे काही चिकटतं ते झिंगे खातात. यंत्र नको, नळी नको, वीज गेली तर जाऊ दे. शेपटीसारखा दिसणारा चिला नुसता पाण्यात सोडून द्यायचा, त्याला मूळच नसतं. लांब पट्टीचा चिला रेतीत खोचायचा, पण त्याची मान, जिथून पानं फुटतात ती, गाडायची नाही. शेवाळ खरवडायचं नाही, नाल्यातल्या दगडासकट आणायचं. विहिरीत पावडर टाकली असेल तर ते पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवल्याशिवाय पेटीत जायचं नाही. आणि काही बिघडलं असं वाटलं तर काहीच करायचं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

हे शेवटचं मला कुठून जमणार? आठ दिवसांत पट्टीच्या चिल्याची पानं पिवळी पडून विरघळायला लागली. माझी गाळण उडाली. तू गावाला गेलेला. मी तो सगळा उपटला, धुतला, पुन्हा खोचला, आणि भीतीपोटी मानेपर्यंत रेतीत दाबला. पाणी गढूळ झालं म्हणून अर्धं बदललं. उपाशी असतील म्हणून वर भाताची शितं टाकली. तू आलास तेव्हा पेटीला वास येत होता. तू रागावशील म्हणून मी चुलीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले, आणि तू तिथून हाक मारलीस, "ये वं इकडे. पाह्य." खालचा एक बुंधा तू बोटानं उकरून दाखवलास. पांढरं मूळ जिवंत होतं. "जागा बदलली का जुनी पानं सोडते तो. मंग नवी काढते. तू घाबरून रोज उपटशील तं काढंल कधी?" मला तेव्हा तुझा राग आला. चिल्याबद्दल बोलतो आहेस की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

पण पहिल्या झिंग्यांना माझ्या भीतीनं मारलं नाही, तुझ्या हातानं मारलं. त्या दिवशी तू फवारणीवरून आलास. साबणानं कोपरापर्यंत हात धुतलेस, चहा घेतलास, आणि वर तरंगणारं पट्टीचं एक रोप खाली खोचायला पेटीत हात घातलास. मी कपबशा विसळून आले तोवर झिंगे वेड्यासारखे काचेवर आपटत होते. मग एकेक जण आडवा पडला. पाय हलत होते, बाकी काही हलत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते शिजवल्यासारखे लाल झाले. तुझ्या नखात राहिलं असेल तेवढं औषध, भाऊ, नखात! तू पेटीसमोर उकिडवा बसून राहिलास. "डासाची अन् यायची भावकी एकच," एवढंच म्हणालास. त्यानंतर फवारणीच्या दिवसांत तू पेटीपासून हातभर लांबूनच झिंगे पाहायचास, हात मागे बांधून.

दुसऱ्यांदा आणलेले जगले. पोटाखाली अंडी धरून फिरणारी मादी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ओरडले आणि तू हातातलं ताट टाकून धावत आलास. पापणीच्या केसाएवढी पिल्लं चिल्यात दिसायला लागली. माझ्या हातातला कप वाजायचा थांबला, ते त्याच महिन्यात. तू ते पाहिलं होतंस, मला माहीत आहे. कप खाली ठेवला की तू दुसरीकडे पाहायचास.

मग तो दिवस आला ज्याबद्दल मी कुणाशी बोलले नाही. आपल्या गावची फवारणी. पुंडलिक अंगणात बादलीत औषध कालवत होता. समोरची खोली झाली, स्वयंपाकाची झाली. मी मधल्या खोलीच्या दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिले. तू म्हणालास पेटी झाकू, बाहेर नेऊ. मी म्हटलं, पुन्हा आत आणल्यावर? भिंतीवरचं औषध तर दोन-अडीच महिने राहतं, तूच सांगतोस. आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, जे तू हजार दारांत ऐकलं होतंस. "एका खोलीनं काय होते, भाऊ?"

तू हसलास. "हेच तं सारे म्हणतात वं." पण माझ्या हाताकडे तुझी नजर गेली. चौकटीवर तो पुन्हा थरथरत होता. तू अंगणाकडे तोंड केलंस आणि म्हणालास, "पुंडलिक, मधली राहू दे."

"भाऊ, आपलंच घर?"

"राहू दे म्हटलं ना."

मग गेरू घेऊन तू स्वतः दारावर लिहिलंस. मी मागून म्हटलं, ३ लिही ना, कोण पाहायला येतो? तू मान वळवली नाहीस. "दाराले खोटं बोलाले लावू का?" आणि २ काढलास, चांगला ठसठशीत. आपलं भांडण तिथेच अर्धवट राहिलं. मला म्हणायचं होतं, तू चुकतोस, चल, मार औषध. मी ते म्हटलं नाही. झिंगे वाचले म्हणून मला आनंद झाला होता.

बाकीच्या दोन खोल्यांत औषधाचा वास, म्हणून तू मधल्या खोलीतच झोपत राहिलास.

तुझा ताप, ती जीप, गडचिरोलीचा रस्ता, यातलं काही मी लिहिणार नाही. तुला ते माहीत असलं तर पुरे, नसलं तर आणखी बरं. डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला. पुंडलिक म्हणाला, "बाई, तापाच्या आधीच्या पंधरा दिवसांत आमी जंगलातच होतो अर्धे दिवस. तिथीच चावला असंल." अर्धे दिवस तिथे, हे खरं. उरलेले अर्धे तू इथे होतास, पेटीच्या बाजूला. मी बोटांवर ते दिवस इतक्यांदा मोजले की आता मोजायची भीती वाटते. जीपमध्ये तू मला ओळखत नव्हतास, पण एकदा एकदम स्पष्ट बोललास. "हात घालू नको." कुणाला म्हणालास? मलाच ना? मी तेच धरून बसले.

तुला स्मशानात नेल्यावर घरात बाया पाणी ओतायला लागल्या. माणूस गेलं की घरातलं साचलेलं पाणी ठेवायचं नाही, ही रीत मला माहीत होती, पण त्यात पेटी येईल हे डोक्यात आलं नव्हतं. माठ ओतला, घागरी ओतल्या, रांजण चौघींनी मिळून अंगणात आडवा केला. तो आता बाटला म्हणून जांभळीखाली टाकून दिला. मग मोठाई पदर खोचून मधल्या खोलीत आली. पेटीसमोर थांबली. "अन् हे? हे बी घरातलंच पाणी नाई का?" मागून कुणीतरी म्हणालं, "याच पाण्यानं खाल्लं त्याले."

मोठाईनं काचेच्या कडेला हात लावला. पेटी कलंडली असती तर चिला, शेवाळ, पिल्लं सगळं शेणाच्या जमिनीवर. कुठून शब्द आला देव जाणे. मी म्हणाले, "मोठाई, हे पाणी नाई. हे बोडी हाये."

"काय हाये?"

"बोडी. बोडीतूनच आणली भाऊनं, तिचाच चिला, तिचेच झिंगे. गावात माणूस मेलं तं बोडी ओतते का कोणी?"

मोठाईनं वाकून आत पाहिलं. एक झिंगा शेवाळावर दोन्ही हातांनी भराभर खात होता, त्याला सुतक नव्हतं. ती रीत मोडू देणारी बाई नाही, तुला माहीत आहे. शेवटी म्हणाली, "बोडी तं बोडी. पण एक लोटा तरी ओत वं. त्याच्या नावानं." मी लोटा बुडवला, बोटं पाण्याला लागू न देता, आणि तुळशीपाशी ओतला. नंतर लक्षात आलं की पेटीचं पाणी बदलायचं तर तेवढंच बदलायचं असं तूच सांगायचास, लोटाभर, जास्त नाही. मला रडताना हसू आलं. बायांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्यानंतरचे दिवस विचारू नकोस. रोज सकाळी मी तुझा तो लांब दांडीचा पांढरा कप घेऊन पेटीशी जायचे. डासांच्या अळ्या शोधायला तू नाल्यात बुडवायचास तो. झाकणावरचा मच्छरदाणीचा तुकडा एका कोपऱ्यात उचलायचा, कप तिरपा बुडवायचा, उजेडात धरून पाहायचं. एक जरी अळी वळवळताना दिसली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. तूच सांगितलं होतंस की या तापाचा डास वाहत्या नाल्यातला, घरातल्या पेटीचा त्याच्याशी संबंध नाही. मला पाठ आहे ते. पण सकाळी कप हातात घेतला की पाठ केलेलं काही कामाला येत नव्हतं. एकदाही अळी सापडली नाही. तरी दुसऱ्या दिवशी कप हातात असायचाच.

आणि संध्याकाळी कपाळाला हात लावून बघायचे. ताप आहे की चुलीची धग, कळायचं नाही. मधल्या खोलीत जायचे तेव्हा पदर कानावरून घट्ट घ्यायचे. पेटी सोडवत नव्हती, खोलीत बसवत नव्हतं. झिंग्यांचा रागही आला एकदा. तुम्ही जगलात, असं मी त्यांना मोठ्यानं म्हटलं, आणि मग माझीच मला लाज वाटली.

परवा सकाळी पुंडलिक आला. मागे चार माणसं, बादली, पंप. पुढची फवारणी. तुझी टोपी त्यानं घातली नव्हती, पण यादीची वही तुझीच होती. तो अंगणात चपला काढून उभा राहिला. आपल्या घरी तो चपला कधी काढत नव्हता. "बाई, तुमचं घर शेवटी घेऊ का? का उद्या येऊ? का..." मला कळलं, मी नको म्हटलं तर तो गपचूप निघून जाईल. तुझ्या बहिणीच्या दारात तो वाद घालणार नाही.

भाऊ, मला नको म्हणायचं होतं. झिंगे म्हणजे तू दिलेली शेवटची गोष्ट, आणि तुझा शेवटचा शब्द हात घालू नको. दुसरीकडे ती खोली, तिच्या भिंती, तुझी खाट. मी पुंडलिकला म्हणाले, "बाकी घरं करून ये. तोवर मी पेटी काढतो."

तो गेल्यावर मी जांभळीखाली गेले. बाटलेला रांजण तसाच आडवा पडला होता. त्याचं पाणी आता कुणी पिणार नाही आणि भिंतीपासून तो लांब आहे. तो उभा केला, पुसला. मग पेटीतलं पाणी लोट्यालोट्यानं नेऊन त्यात टाकलं, कारण नवीन पाण्याचा भरवसा मला नव्हता. पेटीत वीतभर पाणी उरलं आणि आता हात घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हात तीन वेळा नुसत्या पाण्यानं धुतले, साबणाचा अंशही पेटीत नको म्हणून. तुझा शब्द मोडते आहे, असं म्हणाले, आणि हात घातला.

पाणी कोमट होतं. हात इतका थरथरत होता की वर लाटा उठल्या. झिंगे धरायला गेले तर एकही हाती लागेना. बोटांतून उलटे उडत जायचे. तेव्हा बोडीवरची तुझी युक्ती आठवली. तू झिंगा कधी धरलाच नाहीस. चिला उचलायचास, आणि झिंगे त्याला धरून वर यायचे. मी दोन्ही हात चिल्याखाली घातले आणि सगळा गुंता सावकाश उचलला. पाणी निथळलं, आणि चिल्याच्या प्रत्येक शेंड्याला ते दिसले, पाय घट्ट आवळून बसलेले. तसाच तो अंगणातून रांजणापर्यंत नेला. दुसऱ्या खेपेला शेवाळाचे दगड, तिसऱ्या खेपेला पट्टीचा चिला मुळांसकट. माझा हात थरथरतो आहे याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला, नाहीतर जांभळीवरचा बगळा जेवून जाईल. ही आणखी एक भीती, नवीन.

काल तीन लाल झालेले मिळाले, माझ्या हाताखाली चेंगरले असतील. बाकीचे मी मोजले नाहीत. सकाळी झाकण उचललं तर शेवाळावर खात होते.

आता फवारणीचं सांगते. पुंडलिकनं मधली खोली स्वतः मारली, वरपासून खालपर्यंत, तुझ्यासारखी, कोपरा न सोडता. मी तुझी खाट बाहेर काढून दिली. आत पंपाचा आवाज चालू होता तोवर मी अंगणात कानावर हात ठेवून बसले होते. मग तो गेरूची वाटी आणि कुंचला घेऊन बाहेर आला. इकडे-तिकडे पाहिलं.

"बाई, दार लावा ना थोडं. लिवाचं हाये."

मी उठले. दार भिंतीपासून ओढलं. सोळा-सतरा दिवसांत ते जागेवरून हललं नव्हतं, बिजागरी करकरली. तुझं अक्षर समोर आलं. पुंडलिक ते वाचत उभा राहिला. ओलं फडकं त्याच्या खांद्यावर होतं, जुनं पुसून नवीन लिहायची रीत. त्याचा हात फडक्याकडे गेला.

"पुसू नोको," मी म्हणाले.

त्यानं फडकं परत खांद्यावर टाकलं. माझ्याकडे न पाहता, दाराशीच बोलावं तसं म्हणाला, "त्या दिवशी मी अंगणात होतो. तवापासून मनात हाये. भाऊनं साऱ्या जिंदगीत खोली सोडली नाई कोणाची. आपलीच एक काऊन सोडली?"

हाच तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी दार उघडं ठेवत होते. जांभळीखालच्या रांजणाकडे पाहिलं, तिकडून काही मदत येणार नव्हती.

"माह्यासाठी," मी म्हणाले. "मी आडवी झालती दारात. म्हटलं, एका खोलीनं काय होते."

पुंडलिकनं कुंचला गेरूत बुडवला आणि तुझ्या ओळीखाली लिहिलं: खोल्या ३, फवारल्या ३. मग चपला घालून पुढच्या घरी गेला.

दार आता मी लावून ठेवते, भाऊ. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दोन्ही ओळी वाचता येतात.